वाचक विचारतात : कॉन्स्टंटाईनच्या आधीची तीनशे वर्षं

गेल्या अंकात रोमन रस्त्यांबद्दल एका प्रश्नाचं उत्तर देताना मी जाताजाता लिहिलं होतं की याच रस्त्यांवरून ख्रिस्ती धर्मही फिरला. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की आजचं सगळं पान त्यालाच दिलंय, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे कारण हा विषय आपल्याकडे एकतर चर्चमध्ये बोलला जातो नाहीतर भांडणात, निवांत बसून इतिहास म्हणून फार कमी. प्रश्न थोडे छोटे केलेत, नावं दिलेली नाहीत.

सर, आमच्या टपरीवर रोज हाच वाद सुरू आहे. एक दोस्त म्हणते राजानं धर्म घेतला म्हणून प्रजेनं घेतला, कॉन्स्टंटाईन नसता तर हा धर्म कधीचाच संपला असता. दुसरा म्हणते असं नसते बा. खरं काय? आणि राजाच्या आधी तो पसरला तरी काहून? — महाल, नागपूर

भाऊ, तुमच्या दुसऱ्या दोस्ताचं पारडं जड आहे. तारखाच बघा ना. येशूला वधस्तंभावर दिलं साधारण इ.स. ३० च्या आसपास, पिलात नावाचा रोमन अधिकारी यहूदियात होता तेव्हा. आणि कॉन्स्टंटाईन, म्हणजे हा धर्म जवळ करणारा पहिला रोमन सम्राट, यानं रोमबाहेरच्या मिल्वियन पुलाजवळची लढाई जिंकली ती ऑक्टोबर ३१२ मध्ये, राजाश्रय त्यानंतरचा. मधे जवळपास दोनशे ऐंशी वर्षं गेली. या काळात या लोकांकडे ना सैन्य होतं, ना राजा, आणि बराच काळ स्वतःची वेगळी इमारतसुद्धा नव्हती, कोणाच्यातरी घरीच जमायचे. आत्ताच्या सीरियात युफ्रेटिस नदीवर ड्युरा युरोपस नावाचं गाव खणून काढलंय, तिथे इ.स. २४० च्या सुमाराचं असं एक घर सापडलं. साधं राहतं घर, दोन खोल्यांमधली भिंत पाडून हॉल केलेला आणि एका छोट्या खोलीत बाप्तिस्म्याचं, म्हणजे पाण्यानं धर्मात घ्यायच्या विधीचं कुंड, भिंतींवर चित्रं.

आता ११२ च्या सुमाराचं एक पत्र घेऊ. आत्ताच्या तुर्कस्तानच्या उत्तरेला बिथिनिया पोंटस हा प्रांत होता, तिथला गव्हर्नर प्लिनी यानं सम्राट ट्राजनला लिहिलेलं. तो म्हणतो की या लोकांचं करायचं काय, सगळ्या वयाचे सगळ्या थरांतले बाया-पुरुष यात आहेत आणि हे लोण फक्त शहरात नाही तर खेड्यापाड्यांत, शेतावरही पोचलंय. कॉन्स्टंटाईनच्या दोनशे वर्षं आधीचं हे पत्र आहे आणि लिहिणारा ख्रिस्ती नाही, उलट त्यांना शिक्षा देणारा माणूस आहे, म्हणून मला या कागदाचं मोल फार वाटतं. त्यानं दोन दासींना छळून माहिती काढली, ज्या त्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या संघात, सेविकेचं काम करायच्या. निघालं काय तर हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, कोणी ठेवायला दिलेली वस्तू बुडवणार नाही अशी शपथ घेतात आणि नंतर एकत्र बसून साधं जेवण करतात, बस एवढंच.

मग पसरला कसा? सुरुवात यहूदी वस्त्यांपासून करावी लागते. अलेक्झांड्रिया, अंत्युखिया, रोम, करिंथ, व्यापारी शहर म्हटलं की तिथे यहूदी लोक आणि त्यांचं सभास्थान असायचंच, त्यांचा धर्मग्रंथ येशूच्या आधीच ग्रीकमध्ये आलेला होता आणि पूर्वेकडच्या बाजारांची भाषाही ग्रीकच होती. पौल, म्हणजे हा धर्म गावोगाव नेणारा यहूदी प्रचारक, नव्या गावात गेला की आधी सभास्थान गाठायचा, तिथे यहूदी तर असायचेच पण एकदेवाची ओढ असलेले आणि पूर्ण यहूदी न झालेले बिगरयहूदीही येऊन बसायचे. या लोकांचं अडायचं कुठे तर सुंता आणि खाण्यापिण्याच्या नियमांवर. पन्नास सालाच्या जरा आधी यरुशलेमात यावर बैठक झाली, जोरदार वाद झाला आणि ठरलं की बिगरयहूदी माणसाला सुंतेची सक्ती नाही. माझ्या मते सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, कॉन्स्टंटाईनच्या लढाईपेक्षाही मोठा, कारण इथून पुढे कुठल्याही जातकुळीच्या माणसाला दार मोकळं झालं.

आणि काम करणारे हात कोणाचे ते बघा. पौल स्वतः तंबू बनवायचा. त्याच धंद्यातलं जोडपं प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला, सम्राट क्लॉडियसनं यहूद्यांना रोममधून काढलं तेव्हा ते करिंथला आले, पौल त्यांच्याकडेच राहून काम करत होता, पुढे ते इफिसला गेले, परत रोमला गेले, आणि जातील तिथे त्यांच्या घरी मंडळी भरायची. फिलिप्पैची लुदिया जांभळ्या रंगाचं महागडं कापड विकायची, तिनं बाप्तिस्मा घेतला तो सगळ्या घराण्यासकट. प्रवचन ऐकून परकी माणसं भारावली असंही झालं असेल, पण जास्त करून हे नात्यातून, धंद्यातून, शेजारातून झालं.

एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं एक हिशोब मांडलाय. इ.स. ४० मध्ये हजार माणसं धरा आणि दर दहा वर्षांनी चाळीस टक्के वाढ, म्हणजे दहाचे चौदा. ऐकायला काहीच नाही वाटत, पण ३०० सालापर्यंत हाच आकडा ६३ लाखांच्या आसपास जातो, म्हणजे सहा कोटींच्या साम्राज्यात साधारण दहावा माणूस. हा अंदाजच आहे, शिरगणती नाही, पण मुद्दा कळतो की चमत्कारिक उडी मारायची गरज नव्हती, दहा वर्षांत दहा माणसांनी चार नवीन जोडले तरी पुरत होतं. कॉन्स्टंटाईनला हा धर्म आयता एवढा वाढलेला मिळाला.

पण तुमचा पहिला दोस्त अगदीच चुकीचा नाही. राजाश्रय मिळाल्यावर जमिनी आल्या, मोठमोठी चर्चं उभी राहिली, बिशपला, म्हणजे शहरातल्या मुख्य धर्मगुरूला, दरबारी मान मिळाला, आणि ज्यांना वर चढायचंय त्यांना हा धर्म सोयीचा झाला. चौथ्या शतकाच्या शेवटी सम्राट थिओडोसियसनं जुन्या देवांचे यज्ञच बंद केले, देवळं ओस पडली, काही पाडली गेली. तीनशे वर्षं छळ सोसलेल्यांनी पुढे दुसऱ्यांच्या पूजेवर बंदी येऊ दिली हे मला वाचताना दरवेळी टोचतं आणि ते लपवून हा इतिहास सांगू नये असं मला वाटतं.

सर मी एमपीएससीची तयारी करतोय. माझ्या नोट्समध्ये आहे की ३१३ च्या मिलानच्या हुकूमनाम्यानं ख्रिस्ती धर्म रोमचा राजधर्म झाला. बरोबर आहे का? — धरमपेठ

नाही, खोडून टाका. ३११ मध्ये सम्राट गॅलेरियसनं मरायला टेकलेला असताना छळ थांबवला, वर आमच्यासाठी तुमच्या देवाला प्रार्थना करा असंही सांगितलं. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाईन आणि लिसिनियस या दोन सम्राटांनी मिळून सगळ्यांनाच आपापल्या धर्माची मोकळीक दिली आणि ख्रिस्ती लोकांच्या जप्त केलेल्या जागा परत केल्या. ३२५ ला निकियाला भरलेली बिशपांची परिषद. राजधर्म म्हणायचा तर ३८० चा थिओडोसियसचा थेस्सलनीकाचा आदेश. स्वतः कॉन्स्टंटाईननं बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मरणाच्या दारात.

दादा, आमच्या शेजारच्या ख्रिस्ती वहिनी स्वभावानं सोन्यासारख्या, अडल्यानडल्याला धावून येतात, पण सत्यनारायणाचा प्रसाद घेत नाहीत. सासूबाईंना वाईट वाटतं. त्यांच्या धर्मात असं काही आहे का? — त्रिमूर्ती नगर

ताई, हा प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षं जुना आहे आणि तो शेजारधर्मातूनच आलेला आहे. करिंथ शहरात देवळात बळी दिला की त्यातलं मांस बाजारात विकायला यायचं, आणि पाहुण्याच्या घरी जेवायला गेलं तर ताटात तेच असायची शक्यता. नवीन ख्रिस्ती झालेल्यांचे दोन गट पडले. एक म्हणे मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग खाल्लं तर काय बिघडलं. दुसरे कालपर्यंत तीच पूजा करणारे, त्यांना तो घास घशाखाली उतरेना. त्यांनी पौलाला पत्र लिहून विचारलं आणि पन्नासच्या दशकात त्यानं दिलेलं उत्तर आजही बायबलात आहे, करिंथकरांस पहिलं पत्र, आठ ते दहा अध्याय.

पौल म्हणतो की बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला दाखवलेलं आहे तर खाऊ नको, आणि ते तुझ्या मनासाठी नाही तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी. देवळातल्या पूजेच्या पंगतीला मात्र बसू नको असंही तो स्पष्ट सांगतो. आणि त्याच उत्तरात तो लिहितो की माझ्या खाण्यानं माझा भाऊ अडखळणार असेल तर मी मांसच कधी खाणार नाही. म्हणजे नियमापेक्षा समोरच्याच्या मनाला जास्त जपलंय. तुमच्या वहिनी प्रसाद नाही घेत त्यात तुमचा अपमान नाही, त्यांच्यासाठी प्रसाद घेणं म्हणजे पूजेत भाग घेणं. सासूबाईंना हे सांगून बघा, आणि वहिनींसाठी नैवेद्य दाखवायच्या आधीच वाटीभर शिरा वेगळा काढून ठेवा, बहुतेक आनंदानं घेतील.

यात एक आर्थिक बाजूही होती, ती फारशी कोणी सांगत नाही. वरती ज्या प्लिनीचं सांगितलं तो त्याच पत्रात लिहितो की देवळं ओस पडली होती आणि बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेना झालं होतं, आता माझ्या कारवाईनंतर परत विक्री सुरू झाली. इफिसमध्येही अर्तमी देवीचे चांदीचे छोटे देव्हारे बनवणाऱ्या कारागिरांनी पौलाविरुद्ध दंगा केला, धंदा बसतोय म्हणून. धर्माच्या भांडणात पोटापाण्याचा धागा असतोच, तेव्हाही होता.

ख्रिस्ती लोकांना रोमन राजे तीनशे वर्षं रोज सिंहापुढे टाकत होते का? सिनेमात तर तसंच दाखवतात. — कामठी

रोज नाही. सम्राट नीरोनं इ.स. ६४ च्या रोमच्या आगीनंतर जे केलं ते अतिशय क्रूर होतं, रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की काहींना जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांकडून फाडलं, काहींना रात्री उजेडासाठी जाळलं, पण ते रोम शहरापुरतं होतं, आणि सिनेमात दिसणारं कोलोसियम तेव्हा बांधलंही नव्हतं, ते सुरू झालं ८० मध्ये. नंतरची जवळजवळ दोनशे वर्षं छळ व्हायचा तो कुठेतरी, केव्हातरी, गावातल्या लोकांच्या रागामुळे. ट्राजननं तर प्लिनीला उत्तर दिलं की शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण कोणी समोर येऊन तक्रार केली आणि आरोप शाबीत झाला तर शिक्षा द्या, देवांची पूजा करून दाखवली तर सोडून द्या. लोकांचा राग कशाचा तर हे लोक देवांना मानत नाहीत म्हणून देव कोपतात. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन १९७ च्या सुमारास चिडून लिहितो की नदीला पूर आला तरी ख्रिस्ती दोषी, पाऊस पडला नाही तरी ख्रिस्ती दोषी.

साम्राज्यभर सक्ती पहिल्यांदा आली सम्राट डेसियसच्या वेळी, २५० मध्ये. सगळ्यांनी देवांना बळी अर्पण करायचा आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत हे दाखले टिकले, ४० हून जास्त सापडलेत, आणि ते वाचताना अगदी आपल्या तहसीलमधला अर्ज वाटतो, अर्जदाराचं नाव गाव, मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे आणि आताही तुमच्यासमोर दिला, प्रसाद चाखला, तरी दाखला मिळावा ही विनंती, खाली अधिकाऱ्यांची सही. खूप ख्रिस्ती लोकांनी घाबरून बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता दाखला घेतला, आणि नंतर मंडळीत मोठा पेच झाला की यांना परत घ्यायचं की नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन यावर वर्षानुवर्षं झगडला, शेवटी प्रायश्चित्त घेऊन परत घ्यायचं ठरलं, आणि २५८ मध्ये पुढच्या एका छळात त्याचाच शिरच्छेद झाला. मला मेलेल्यांइतकेच हे घाबरलेले लोक जवळचे वाटतात, त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं म्हणून मंडळी टिकली. सगळ्यात मोठा छळ सम्राट डायोक्लेशियनचा, ३०३ पासून, चर्चं पाडली, ग्रंथ जाळले.

या सगळ्यात बायका कुठे होत्या? इतिहासाच्या पुस्तकात तर पुरुषांचीच नावं. — वर्धमान नगर

ताई, भरपूर होत्या. पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात ओळखीच्यांना नमस्कार सांगितलाय, त्यात पहिलं नाव फिबीचं, किंख्रिया बंदरातल्या मंडळीची सेविका, आणि मग प्रिस्किल्ला, तेही नवऱ्याच्या आधी. २०३ मध्ये कार्थेजला मारली गेलेली पर्पेच्युआ बावीसेक वर्षांची लेकुरवाळी होती, तुरुंगात तिनं जे लिहून ठेवलं ते आजही वाचता येतं, म्हातारा बाप पाया पडून विनवतोय की माझ्याकडे बघ, पोराकडे बघ, आणि ती नाही म्हणते. तिच्यासोबत फेलिसिटी नावाची दासी होती, ती तुरुंगातच बाळंत झाली.

पण मला वाटतं बायका या धर्माकडे का आल्या त्याचं उत्तर अशा मोठ्या प्रसंगांपेक्षा रोजच्या जगण्यात आहे. इ.स.पूर्व १ मधलं इजिप्तमधलं एक पत्र आहे, हिलेरियन नावाचा मजूर बायकोला लिहितो, प्रेमानंच लिहितो, की पगार मिळाला की पाठवतो, आणि बाळ झालं तर मुलगा असला तर ठेव, मुलगी असली तर टाकून दे. त्या जगात हे इतकं साधं होतं. यहूदी लोक असं करू नये म्हणायचे आणि ख्रिस्ती लोकांनीही तेच धरलं, सुरुवातीच्या नियमांतच आहे की जन्मलेलं मूल मारायचं नाही. विधवेला कोणी पुन्हा लग्नासाठी मागे लागत नव्हतं आणि मंडळी तिला पोसायची. २५१ मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस लिहितो की आमची मंडळी १५०० हून जास्त विधवा आणि गरजूंना सांभाळते. त्याच काळात मोठी साथ आली होती, अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस सांगतो की आमच्या लोकांनी आजाऱ्यांची सेवा केली आणि सेवा करताकरता मेले. तो घरचाच माणूस, कौतुक करणारच, पण पुढे ३६० च्या दशकात सम्राट ज्युलियन, जो हा धर्म सोडून जुन्या देवांकडे परतला होता, त्याच्या पत्रातही तक्रार आहे की हे लोक आपल्या गरिबांना तर पोसतातच वर आपल्यालाही पोसतात, आपण का नाही करत. विरोधकाची ही साक्ष जास्त वजनाची.

जय भीम सर. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांसोबत दीक्षा घेतली. ख्रिस्ती धर्मात असा दिवस होता का? आणि तिथे खरंच समता होती का? — इंदोरा

जय भीम. तसा दिवस नव्हता. बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात यरुशलेमात एका दिवशी तीनेक हजार लोक आले असं आहे, पण नंतर सगळं थेंबाथेंबानं. काही ठिकाणी बाप्तिस्म्याच्या आधी तीन तीन वर्षं शिकावं लागायचं. दीक्षाभूमीवर जे झालं ते वेगळं, येवल्याच्या १९३५ च्या घोषणेपासून एकवीस वर्षांचा विचार, आणि एका अख्ख्या समाजानं उजळ माथ्यानं, जगासमोर घेतलेला निर्णय. रोममधल्या दासीला तसं उघड करताच येत नव्हतं.

समतेचं म्हणाल तर शब्द फार मोठा दिला गेला. पौल गलतीकरांना लिहितो की ख्रिस्तात यहूदी नाही ग्रीक नाही, दास नाही स्वतंत्र नाही, पुरुष नाही स्त्री नाही. एकाच भाकरीतून मालक आणि गुलाम खायचे हे त्या काळात कमी नव्हतं. पण करिंथमध्येच पंक्तिभेद सुरू झाला, पैसेवाले लवकर येऊन पोटभर जेवायचे आणि मजूर कामावरून येईपर्यंत काही उरायचं नाही, पौल त्यांच्यावर प्रचंड संतापलाय. आणि गुलामगिरी मोडायची मागणी त्यांनी केली नाही. पळून आलेल्या अनेसिम नावाच्या गुलामाला पौलानं मालकाकडे परत पाठवलं, भाऊ म्हणून घे असं सांगून, पण परत पाठवलंच. इथे ते कमी पडले असं मी स्पष्ट म्हणेन.

नातवाला शाळेत प्रोजेक्ट आहे. ख्रिस्ती धर्म आपल्याकडे इंग्रजांसोबतच आला ना? — सदर

काकू, नागपूरपुरतं विचाराल तर मिशनरी काम एकोणिसाव्या शतकातलं. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, तेव्हा नागपुरात भोसल्यांची गादी अजून होती. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ चं.

पण देशाचं विचाराल तर गोष्ट खूप जुनी. केरळातले ख्रिस्ती आपली सुरुवात इ.स. ५२ मध्ये आलेल्या येशूच्या शिष्यापासून, थोमापासून मानतात, ती परंपरा आहे. लेखी पुरावा हवा तर अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मास, तो ५५० च्या सुमारास लिहितो की मलबारात ख्रिस्ती आहेत आणि कल्लियाना इथे इराणहून नेमलेला बिशप आहे. बरेच अभ्यासक हे आपलं ठाण्याजवळचं कल्याणच मानतात, सातवाहनांच्या काळापासूनचं बंदर. म्हणजे इंग्रजांच्या कितीतरी आधी.

नातवाला नकाशा काढायला सांगा आणि पश्चिमेला रोमकडे जाणारी एकच रेष काढू देऊ नका. एक खाली इथिओपियात अक्सुमला जाईल, तिथल्या एझाना राजाच्या नाण्यांवर चौथ्या शतकात चंद्रकोरीच्या जागी क्रूस आला. एक वर आर्मेनियाला. एक आत्ताच्या तुर्कस्तानातल्या एडेसावरून इराणात, तिथून एक फाटा समुद्रानं कल्याण आणि केरळकडे, आणि दुसरा खुश्कीच्या वाटेनं थेट चीनच्या चांगआनला, म्हणजे आजच्या शिआनला, तिथे ६३५ मध्ये आलोपेन नावाचा धर्मगुरू पोचला असं ७८१ च्या शिलालेखात कोरलेलं आहे, तो दगड आजही शिआनच्या संग्रहालयात बघायला मिळतो.